दूर्वांकुरांवर विषाची फवारणी

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की महाराष्ट्रातील प्रत्येक मोकळी जागा आठ-पंधरा दिवसांत हिरवीगार होते. उद्यानांच्या कडा, शाळांची पटांगणे, खेळाची मैदाने, रस्त्यांमधील दुभाजक, सोसायट्यांची आवारे अशा सर्व ठिकाणी हरळी, लव्हाळा, आघाडा, केना, टाकळा, घोळ यांची दाटी होते. ही हिरवाई पाहून डोळे निवावेत, अशी आपली परंपरागत दृष्टी. परंतु नगरव्यवस्थापनाच्या आधुनिक दृष्टीला यातील बहुतेक सर्व ‘तण’ वाटते आणि तण म्हणजे काढून टाकण्याची वस्तू. पूर्वी ती काढण्यासाठी खुरपे घेतलेल्या बायका रांगेने बसत. आता पाठीवर पंप बांधलेला एक मजूर येतो, तासाभरात फवारणी उरकतो आणि निघून जातो. मजुरी वाचते, वेळ वाचतो, बिल निघते. त्या जागेवर संध्याकाळी कोण खेळते, पहाटे अनवाणी कोण चालते आणि दुसऱ्या दिवशी तेथील पत्री कोणाच्या देवघरात जाते, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

शेतातील तणनाशकांचा प्रश्न स्वतंत्र आहे. तेथे मजुरांची टंचाई, पिकाचे उत्पन्न आणि शेतकऱ्याची उपजीविका यांचा विचार करावा लागतो. सार्वजनिक उद्याने आणि क्रीडांगणे यांच्या बाबतीत असे कोणतेही कारण नाही. तेथे पीक नाही, उत्पन्न नाही. आहे तो केवळ दिसण्याचा प्रश्न. केवळ दिसण्यासाठी, जेथे आपली मुले लोळतात त्या भूमीवर विष शिंपडावे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हिरवे दिसते, पण हिरवे नसते

सार्वजनिक जागी वापरल्या जाणाऱ्या तणनाशकांत दोन नावे प्रमुख आहेत. पहिले ग्लायफोसेट. अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीच्या जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाला १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण आढळला आणि १९७४ मध्ये ‘राउंडअप’ या नावाने ते बाजारात आले. हे द्रव्य पानांतून शोषले जाते, रसाबरोबर थेट मुळांपर्यंत पोहोचते आणि वनस्पतीला आवश्यक अशी काही अमिनो आम्ले बनवणारे एक विकर बंद पाडते. वनस्पतीची वाढ आतून थांबते आणि ती हळूहळू वाळते. दुसरे द्रव्य २,४-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधले गेलेले हे रसायन वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानांच्या वनस्पती त्यामुळे वेड्यावाकड्या वाढून मरतात, गवत मात्र टिकते. म्हणून हिरवळीत २,४-डी आणि कुंपण, पायवाटा, धावपट्टीच्या कडा येथे ग्लायफोसेट, अशी सर्वसाधारण वाटणी असते.

येथे एक बाब नीट ध्यानात घेतली पाहिजे. ग्लायफोसेट फवारल्यावर वनस्पती त्याच दिवशी वाळत नाही. पिवळेपणा दिसू लागण्यास कित्येक दिवस, प्रसंगी आठवडाही जातो. या मधल्या काळात पान हिरवे, टवटवीत दिसते. पण त्याच्या अंगात विष भिनलेले असते. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. वासावरून, रंगावरून ओळखता येईल असेही काही नसते.

आता आपले पंचांग पाहा. तण उगवते आषाढ-श्रावणात, फवारणीही त्याच काळात आणि आपल्या व्रतवैकल्यांचा काळही हाच. श्रावणी शुक्रवारी जिवतीला आघाडा आणि दूर्वांची माळ, मंगळागौरीला नाना प्रकारची पत्री, हरितालिकेला पत्री, गणरायाला एकवीस दूर्वांची जुडी. ऋषिपंचमीला तर आघाड्याच्या काडीने दात घासण्याची चाल अनेक घरांत आजही आहे. शहरातील गृहिणी, तिची मुले किंवा मंडईबाहेर पत्री विकणाऱ्या गरीब स्त्रिया हा आघाडा आणि या दूर्वा कोठून आणतात? कोणाच्या शेतातून नव्हे, तर मैदानाच्या कडेने, उद्यानाच्या कुंपणालगत, मोकळ्या जागेतून. म्हणजे नेमक्या त्याच जागेतून, जेथे पंपाचा फवारा सर्वप्रथम वळतो. दूर्वांचा रस काढून घेणारी माणसेही आपल्याकडे आहेत. पावसाळ्यात टाकळ्याची आणि घोळीची भाजी खुडून नेणारी कुटुंबेही आहेत. यांपैकी कोणालाही ‘येथे परवा फवारणी झाली आहे’ असे सांगणारा फलक दिसणार नसेल, तर ती केवळ अव्यवस्था म्हणता येणार नाही. तो नागरिकांच्या विश्वासाचा घात आहे.

विज्ञान काय सांगते?

या विषयावर बोलताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. कारण अतिशयोक्तीने खरी बाजूही दुबळी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटची गणना ‘मनुष्यात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ अशा २-अ गटात केली. त्याच वर्षी २,४-डी हे त्याखालच्या, म्हणजे ‘शक्यता आहे’ अशा २-ब गटात ठेवले गेले. दुसरीकडे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ग्लायफोसेटने कर्करोग होण्याची शक्यता नाही, असे म्हणत आली आहे आणि युरोपीय संघाने २०२३ च्या अखेरीस त्याला आणखी दहा वर्षांची मंजुरी दिली आहे. म्हणजे तज्ज्ञांत मतभेद आहेत, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अमेरिकी संस्थेचा आरोग्यविषयक निष्कर्षही जून २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने पुरेशा पुराव्याअभावी रद्दबातल ठरवला, हेही तितक्याच प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मतभेद असताना सामान्य माणसाने काय करावे? याचे उत्तर उपयोग कशासाठी आहे यावर अवलंबून असते. एखाद्या औषधाचे दुष्परिणाम संशयास्पद असले, तरी प्राण वाचवण्यासाठी आपण ते घेतो. तोच संशय एखाद्या रंगद्रव्याविषयी असेल, तर केवळ मिठाई आकर्षक दिसावी म्हणून ते आपण मुलांना खाऊ घालत नाही. क्रीडांगणावरील तणनाशक हे औषध नव्हे, ते मिठाईतील रंगद्रव्य आहे. लाभ शोभेपुरता आणि धोका देहाचा, असा हा व्यवहार आहे. तो टाळण्यासाठी अंतिम निकालाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या वेल्लोर नागरिक कल्याण मंचाच्या खटल्यात ‘सावधगिरीचे तत्त्व’ हा देशाच्या कायद्याचाच भाग असल्याचे म्हटले आहे. गंभीर हानीची शक्यता असेल, तर वैज्ञानिक निश्चितीचा अभाव हे प्रतिबंधक उपाय पुढे ढकलण्याचे कारण होऊ शकत नाही, असे हे तत्त्व सांगते. घरातील वडीलधारी माणसे हेच वेगळ्या शब्दांत सांगत आली आहेत.

एक तांत्रिक मुद्दाही येथे नोंदवला पाहिजे. आपल्याकडे कीटकनाशकांच्या डब्यांवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. डब्यावर सौम्य रंगाचा त्रिकोण दिसला की वापरणारा निर्धास्त होतो. परंतु हे रंग ते द्रव्य पोटात गेले असता तत्काळ किती घातक ठरेल, या कसोटीवर ठरतात. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगावर येत राहिले तर काय होईल, याविषयी तो त्रिकोण काहीही सांगत नाही. उद्यानातील माळ्याचा आणि मैदानावरील मुलाचा प्रश्न तर नेमका हाच आहे.

ज्यांनी दिले, तेच आता सोडत आहेत

कापलेल्या, एकसारख्या, एकाच जातीच्या गवताची हिरवळ ही मूळची इंग्लंडच्या थंड, ओलसर हवेतील जमीनदारी वाड्यांची कल्पना. जिमखाने आणि छावण्या यांच्याबरोबर ती आपल्याकडे आली. आपल्या परंपरेत अंगण होते, कुरण होते, माळ होता, देवराई होती. पण एकाच गवताखेरीज दुसरे पान दिसताच बेचैन व्हावे, अशी सौंदर्यदृष्टी नव्हती. तक्षशिलेत शिकलेल्या जीवकाची कथा प्रसिद्ध आहे. ‘ज्याचा औषधी उपयोग नाही अशी एक वनस्पती शोधून आण’, असे गुरूने सांगितल्यावर तो दूरवर हिंडला आणि रिकाम्या हाताने परतला. तीच त्याची परीक्षा ठरली. आज आपल्या उद्यानांत पुनर्नवा, माका, भुईआवळी, आघाडा हे सर्व एकाच ‘तण’ या शब्दाखाली गाडले जाते. जीवकाला सापडली नाही ती निरुपयोगी वनस्पती आपल्या निविदांना मात्र पावलोपावली सापडते.

गंमत अशी की ज्या देशांकडून आपण ही हिरवळ आणि तिची औषधे घेतली, तेच देश आज मागे फिरत आहेत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील हडसन या छोट्या गावात जून आयर्विन नावाच्या त्वचारोगतज्ज्ञ महिला डॉक्टर १९८५ पासून नगरपालिकेच्या बैठकांना जाऊन हिरवळीवरील फवारणीविरुद्ध बोलत राहिल्या. १९९१ मध्ये त्या गावाने केवळ शोभेसाठी होणाऱ्या कीटकनाशकांच्या वापरावर बंदी घालणारा उपविधी केला. फवारणी करणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निर्णय दिला आणि आपल्या नागरिकांच्या आरोग्यासाठी असा नियम करण्याचा नगरपालिकेला अधिकार आहे, हे मान्य केले. पुढे क्युबेकने आणि २००९ मध्ये ओंटारिओ प्रांताने याच धर्तीवर निर्बंध आणले. एका डॉक्टरच्या चिकाटीतून आणि एका गावाच्या ठरावातून हे घडले.

फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून सार्वजनिक संस्थांना उद्याने व फिरण्याच्या जागा येथे रासायनिक कीटकनाशके वापरण्यास मनाई आहे. २०१९ पासून घरगुती बागांनाही ती लागू झाली आणि जुलै २०२२ पासून तिचा विस्तार अन्य रहिवासी आवारे व मैदाने यांपर्यंत झाला. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात सार्वजनिक उद्याने, क्रीडांगणे, शाळांची आवारे व मुलांच्या खेळाच्या जागा येथे असा वापर कमीत कमी करावा अथवा थांबवावा, असे म्हटलेले आहे. ग्लायफोसेटला मंजुरी देणारा संघही मुलांच्या मैदानांविषयी वेगळी सावधगिरी बाळगतो, हे विशेष. न्यूयॉर्क महानगराने २०२१ मध्ये आपल्या मालकीच्या जागांवर रासायनिक कीटकनाशकांचा वापर मर्यादित करणारा कायदा केला.

अमेरिकेतील एका खटल्याचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे, कारण तो नेमका क्रीडांगणाचाच आहे. कॅलिफोर्नियातील ड्वेन जॉन्सन हा शाळांच्या मैदानांची निगा राखणारा कर्मचारी. ग्लायफोसेटयुक्त तणनाशक फवारणे हा त्याच्या कामाचा भाग होता. त्याला लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये ज्यूरीने मोन्सँटोला २८.९ कोटी डॉलर्स भरपाई देण्यास सांगितले. पुढे न्यायालयांनी ती रक्कम कमी करत २०२० मध्ये सुमारे २.०५ कोटी डॉलर्सवर आणली. मोन्सँटो विकत घेणाऱ्या बायर कंपनीने आपले उत्पादन सुरक्षित असल्याची भूमिका सोडलेली नाही. तरीही घरगुती बागांसाठीच्या अमेरिकेतील उत्पादनांतून २०२३ पासून ग्लायफोसेट काढून टाकण्याचा निर्णय तिने २०२१ मध्ये जाहीर केला. त्याच्या जागी अन्य रसायने आली, हा भाग वेगळा. एका विषाच्या जागी दुसरे आणणे म्हणजे सुधारणा नव्हे, हा धडाही त्यातूनच घ्यावयाचा.

आपल्याकडे धोका अधिक का?

जॉन्सनजवळ संरक्षक पोशाख होता. आपल्या ठेकेदाराच्या मजुराजवळ काय असते? नाकावर बांधलेला रुमाल आणि पायात प्लास्टिकची चप्पल. द्रावण हाताने ढवळले जाते, पंप पाठीवर गळत असतो, त्याच हातांनी दुपारची भाकरी खाल्ली जाते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती. परंतु उष्ण हवेत, संरक्षक साधनांवाचून, प्रशिक्षणावाचून फवारणी करणाऱ्याचे काय होते, याची ती भीषण साक्ष होती. शेतातील मजूर आणि शहरातील कंत्राटी माळी यांच्या शरीरांत काही फरक नसतो.

मुलांचा विचार तर स्वतंत्रपणे केला पाहिजे. मूल जमिनीच्या अधिक जवळ असते, हात तोंडात घालते, वजनाच्या मानाने त्याची त्वचा अधिक उघडी पडते, त्याची इंद्रिये अजून घडत असतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये मुलांचा कीटकनाशकांशी संपर्क शक्य तितका कमी करावा, असे आवाहन केले ते याच कारणाने. शिवाय आपले देशी खेळ कोणते? कबड्डी, खो-खो, कुस्ती, लंगडी, आट्यापाट्या. हे सारे मातीशी अंग भिडवणारे खेळ आहेत. गुडघे सोलवटतात, जखमेत माती जाते, घामावर धूळ बसते. आपला खेळाडू अनवाणी असतो. जी काळजी बूट-मोजे घालून खेळणाऱ्या देशांनी घेतली, ती आपण त्यांच्याहून अधिक घ्यावयास हवी.

त्यात आपला पाऊस. फवारणीनंतर काही तास पाऊस न पडणे औषध लागू पडण्यास आवश्यक असते. आषाढ-श्रावणात अशी हमी कोण देणार? सर आली की द्रावण गटारात, ओढ्यात, नदीत. मग तण मरत नाही म्हणून पुन्हा फवारणी.

केंद्र सरकारनेही या धोक्याची दखल घेतली आहे. मानव व प्राणी यांच्या आरोग्याला असलेला धोका नमूद करून ऑक्टोबर २०२२ मध्ये कृषी मंत्रालयाने ग्लायफोसेटचा वापर केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच व्हावा, असा आदेश काढला. परवानाधारक व्यक्तीच्या हाती पंप दिल्याने फवारणाऱ्याची काळजी कदाचित घेतली जाईल. पण दुसऱ्या दिवशी त्या गवतावर बसणाऱ्या आजोबांची आणि नातवाची काळजी त्याने घेतली जात नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप गाजरगवताचा. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. त्याने त्वचेचे विकार आणि दमा बळावतो, हे खरे आहे. परंतु पावसाळ्यात माती ओली असताना, फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हा त्यावरील प्रभावी उपाय आहे. १९८४ मध्ये बंगळूरु येथे सोडलेला मेक्सिकन भुंगा ते फस्त करतो आणि तरोटा त्याची वाढ रोखतो. म्हणजे येथेही विषावाचून मार्ग आहेत, आळस तेवढा सोडावा लागतो.

दुसरा आक्षेप सापकिरडूचा. गवत वाढले की भय असते, हे मान्य. पण त्यावर उपाय कापणीचा आहे. वाळून उभे राहिलेले गवत सापाला अडवत नाही आणि आगीला मात्र आमंत्रण देते.

तिसरा आक्षेप खर्चाचा. खुरपणीला मजुरी लागते, हे उघड आहे. पण ती मजुरी शहरातील गरीब स्त्रियांच्या हाती पडते. औषधाचे पैसे कंपनीकडे आणि कमिशन मधल्या माणसाकडे जाते. महापालिकेने रोजगारावर केलेला खर्च हा तोटा कसा म्हणावा? आणि उद्या एखाद्या माळ्याच्या आजारपणाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली दाखवणार?

मुळात क्रीडांगणावर तण का माजते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मैदाने प्रदर्शनांसाठी, लग्नांसाठी, सभांसाठी भाड्याने दिली जातात. ट्रक फिरतात, खांबांसाठी खड्डे पडतात, खडी पसरते, माती दगडासारखी घट्ट होते. हरळी अशा जमिनीत तग धरू शकत नाही आणि मोकळ्या पडलेल्या जागी काटेरी, चिवट तण शिरते. भाडे घेऊन मैदान बिघडवावयाचे आणि मग औषध मारून ते सुधारावयाचे, हा कोणता न्याय? माती भुसभुशीत केली, चाळलेले शेणखत पसरले, हरळीला दाट होऊ दिले, नियमित कापणी केली, तर तणाला जागाच उरत नाही. हरळी ही आपल्या मातीतील सर्वांत चिवट गवतांपैकी एक आहे. तिला शत्रूपासून वाचवण्याची गरज नाही, तिला फक्त तिची जमीन परत द्यावी लागते.

अधिकार आपल्याच हाती

यासाठी दिल्लीकडे पाहण्याची आवश्यकता नाही. एखादे रसायन देशात विकावे की नाही, हा १९६८ च्या कीटकनाशक कायद्याचा प्रश्न आहे आणि तो केंद्राच्या कक्षेत येतो. परंतु आपल्या उद्यानात ते वापरावे की नाही, हे उद्यानाचा मालकच ठरवू शकतो. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे हा विषय स्पष्टपणे नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवलेला आहे. महापालिकेने उद्यान देखभालीच्या निविदेत ‘रासायनिक तणनाशक वापरू नये’ अशी एक अट घातली, तरी काम होते. शाळेच्या व्यवस्थापन समितीने एक ठराव केला, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेने एक विषय मंजूर केला, तरी काम होते. जोवर असा निर्णय होत नाही तोवर किमान दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. फवारणी केलेल्या प्रत्येक ठिकाणी औषधाचे नाव, तारीख आणि ‘येथे बसू नये, पत्री तोडू नये’ अशी सूचना असलेला मराठी फलक लागावा. आणि श्रावण-भाद्रपद या दोन महिन्यांत सार्वजनिक जागी तणनाशकाचा एक थेंबही पडू नये.

कापलेले गवत जवळच्या गोशाळेला देता येईल, पण ते निर्विष असेल तरच. पत्रीच्या वनस्पतींसाठी प्रत्येक उद्यानात एक कोपरा राखून ठेवता येईल आणि शाळकरी मुलांना तेथे आघाडा, माका, पुनर्नवा यांची ओळख करून देता येईल. तणाला ओळखू लागलेली पिढी त्याच्यावर विष शिंपडण्यापूर्वी दहा वेळा विचार करील.

नगरसेवक मते मागण्यासाठी दारी येतात तेव्हा रस्ते, पाणी, वीज यांविषयी आपण प्रश्न विचारतो. त्या यादीत आता आणखी एक प्रश्न घालावा : ज्या मैदानावर आमची मुले खेळतात, त्यावर तुम्ही काय फवारता? हडसनमधील एक डॉक्टर सहा वर्षे हाच प्रश्न विचारत राहिली आणि गावाला उत्तर द्यावे लागले. आपल्या प्रत्येक वॉर्डात असे विचारणारे चार जण जरी निघाले, तरी येत्या गणेश चतुर्थीला बाप्पाच्या मस्तकी वाहिलेली दूर्वा निर्मळ असेल, असा विश्वास आपल्याला बाळगता येईल.